मराठवाड्यातला समुद्र
(परभणी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पत्रिकेवरचं शीर्षक वाचून दोघातिघांनी मला दारातच गाठलं. ‘परभणीत येऊन समुद्रावर बोलणार? त्यापेक्षा टँकरवर बोला,’ असं एक जण म्हणाले. त्यांचं म्हणणं रास्त आहे. आपल्या जिल्ह्याला गोदावरी आहे, पूर्णा आहे, दुधना आहे, जिंतूर तालुक्यात येलदरीचं धरण आहे. समुद्र नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी तो पहिल्यांदा पाहिला मुंबईला गेल्यावर, चौपाटीवर, आणि तोही ओहोटीच्या वेळी. तरी मी हट्टाने सांगतो की मराठवाड्यात एक समुद्र आहे. दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी तो अजिंठ्याच्या भिंतीवर रंगवला. मग दीडशे वर्षांपूर्वी वेल्समधून आलेला एक चित्रकार आणि त्याचे मुंबईचे विद्यार्थी हिवाळ्यामागून हिवाळे त्या लेण्यांत बसले आणि ती भिंत त्यांनी तैलरंगात कॅनव्हासवर उतरवली. आजचं बोलणं या दुसऱ्या कामाविषयी आहे. ते ‘नक्कल’ म्हणून बाजूला टाकलं गेलं. मला ते आपल्या आधुनिक चित्रकलेच्या मुळाशी असलेलं काम वाटतं.

आधी वेल्सविषयी थोडं. ब्रिटनच्या पश्चिम अंगाचा हा डोंगराळ मुलूख. तीन बाजूंना समुद्र, मध्ये मेंढ्या आणि पाऊस. एकोणिसाव्या शतकात रेल्वे तिथल्या किनाऱ्यापर्यंत पोचली आणि टेन्बी, लॅन्डडनो, पेनार्थ अशी गावं हवापालटाची ठिकाणं झाली. चित्रकार त्याआधीपासूनच येत होते. टर्नर तरुणपणी वेल्सभर पायी हिंडला आणि किल्ले, खाड्या चितारत गेला. पॅरिसमध्ये वाढलेला, पण आईबापांकडून इंग्रज असलेला आल्फ्रेड सिस्ली १८९७च्या उन्हाळ्यात पेनार्थ आणि लँगलंडच्या किनाऱ्यावर राहिला आणि तिथला समुद्र त्याने तैलरंगात काढला. ऑगस्टस जॉन हा पुढे गाजलेला चित्रकार तर १८७८ साली टेन्बीतच जन्मला. होता होता ‘किनाऱ्यावरच्या गावाचं तैलचित्र’ हा तिथे एक स्वतंत्र प्रकारच झाला. अर्धा कॅनव्हास आकाशाचा, खाली घरांची ओळ, धक्का, चिखलात कलंडलेल्या होड्या. या चित्रांत साधारण चित्रं पुष्कळ आहेत, हेही सांगायला हवं. पण त्यांचा एक फायदा झाला. लहानशा गावाला आपण चित्रात कसे दिसतो हे पाहायची सवय लागली.

याच वेल्समधल्या मॉन्टगोमरीशायर परगण्यात, लॅन्फेअर कॅरिनियन नावाच्या गावी, १८३७ साली जॉन ग्रिफिथ्स जन्मला. हे गाव मात्र किनाऱ्यापासून दूर, आतल्या डोंगरात. म्हणजे समुद्राच्या बाबतीत तो जवळपास आपल्यासारखाच. ब्रिटिश निसर्गचित्रणाचा जनक म्हणतात तो रिचर्ड विल्सनही याच परगण्यातला. ग्रिफिथ्स लंडनला साऊथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेत शिकला आणि १८६५ साली मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षक म्हणून आला. शाळा स्थापन होऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. त्याच वर्षी लॉकवुड किपलिंगही तिथे रुजू झाला. शाळेच्या आवारातल्या घरात त्याच वर्षअखेरीस त्याला मुलगा झाला, तोच लेखक रुड्यार्ड. बोरीबंदरचं स्थानक, क्रॉफर्ड मार्केट, हायकोर्ट या इमारतींवरचं नक्षीकाम याच शाळेच्या माणसांच्या हातचं. मुंबई बांधली जात होती आणि तिला पानं, फुलं, मोर, माकडं पुरवण्याचा मक्ता जे. जे.कडे होता म्हणा ना.

नक्षीसाठी नमुने लागतात, आणि सरकारने अजिंठ्यासाठी हात सैल सोडला त्यात या गरजेचा वाटा होता. लेण्यांच्या छतांवर कमळं, हंस, फळं, वेली यांचे शेकडो चौकोन आहेत. त्यांच्या नकला मिळाल्या तर विद्यार्थ्यांना अस्सल देशी नमुने मिळतील, असा हिशेब होता. शाळेच्या कुंभारकामाच्या विभागात भांड्यांवर अजिंठ्याची नक्षी उतरू लागलीही. ग्रिफिथ्सच्या मनात मात्र याहून मोठं काही होतं. ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे मुखवटे गिरवणाऱ्या मुलांना त्यांच्याच देशातली मनुष्याकृती दाखवावी, असं त्याला वाटत होतं. १८७२ साली काम सुरू झालं. मध्ये खंड पडत १८८५पर्यंत चाललं.

हा उद्योग करणारा तो पहिला नव्हे. १८१९च्या एप्रिलमध्ये मद्रास लष्करातला जॉन स्मिथ शिकारीला आला असताना त्याला वाघूर नदीच्या वळणावर लेणी दिसली. त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं. (शाळेच्या सहलीत भिंतीवर नाव लिहिणाऱ्या पोरांवर आपण उगाच ओरडतो, परंपरा मोठी आहे.) स्थानिक लोकांना ती जागा ठाऊकच होती, हे वेगळं. मग १८४४ साली मेजर रॉबर्ट गिलला चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमलं गेलं. तो अजिंठा गावच्या बारादरीत राहिला, गावातच रमला. त्याची आणि त्याची प्रेयसी पारो हिची गोष्ट ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यात आणली, पुढे तिच्यावर सिनेमाही निघाला, म्हणून ती मी सांगत बसत नाही. गिलने वर्षानुवर्षं खपून केलेली भव्य तैलचित्रं लंडनला पाठवली गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली गेली, आणि डिसेंबर १८६६मध्ये तिथे लागलेल्या आगीत जळाली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली. म्हातारा होत चाललेला गिल पुन्हा कामाला लागला. १८७९ साली तो वारला, त्याची कबर भुसावळला आहे.

गिल एकटा होता, ग्रिफिथ्सने मुलं बरोबर आणली. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा, नारायण फिरोजीराव ही त्यांतली काही नावं. ही नावं मी मुद्दाम सावकाश उच्चारतो, कारण या नकलांच्या पुढे छापलेल्या ग्रंथाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत ग्रिफिथ्सचं एकट्याचंच नाव आहे. पेस्तनजी १८५१चे, म्हणजे काम सुरू झालं तेव्हा विशीतले. ही मुलं मुंबईहून रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने डोंगरात यायची. मधमाश्यांच्या पोळ्यांखाली, वटवाघळांच्या वासात, अर्धवट उजेडात बसायची आणि दुसऱ्या कोणीतरी काढलेली बोटं, भुवया, मोत्यांचे सर इंचाइंचाने पाहायची. तेरा वर्षांच्या अवधीत अंदाजे तीनशे कॅनव्हास झाले.

आता समुद्राकडे येतो.

लेणे क्रमांक २. व्हरांडा ओलांडून आत सभामंडपात गेलं की उजव्या हाताच्या भिंतीवर एक जहाज आहे. त्याची दोन्ही टोकं वर वळलेली. मध्ये तीन उभ्या डोलकाठ्या, प्रत्येकीवर उंच, अरुंद, आयताकृती शीड. पुढे नाळेपाशी आणखी एक शीड, वाऱ्याने टम्म फुगलेलं. नाळेवर डोळा रंगवलेला, जणू जहाज स्वतःच वाट पाहतं आहे. मागच्या अंगाला सुकाणूची वल्ही खोबणीत अडकवलेली. पुढेमागे दोन लहान फळ्या पाण्यावर निघालेल्या. आणि छपराखाली एका ओळीत मांडलेल्या घागरी. त्या मालाच्या की पिण्याच्या पाण्याच्या, यावर पंडितांनी वाद घालावा. परभणीकर पाण्याच्याच म्हणतील. खाली लाटा आहेत, पण त्या वळणावळणाच्या रेघांच्या, आणि त्यांतून मासे आणि अर्धे मासे अर्धे काहीतरी असे जीव डोकावत आहेत. जहाजात एक माणूस हात जोडून उभा आहे.

हा कोण? बौद्ध कथांतली पूर्णाची गोष्ट आहे. (आपल्या पूर्णा जंक्शनशी तिचा संबंध नाही, प्रश्नोत्तरांत विचारू नका.) पूर्ण हा सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. घरच्या दासीचा मुलगा, म्हणून भावांनी वाटणीतून बाहेर काढलेला. समुद्रावर नशीब काढून तो श्रीमंत होतो, मग सगळं सोडून भिक्षू होतो. त्याचा भाऊ भविल चंदनासाठी परदेशी जातो. चंदनाच्या वनावर ज्याची मालकी तो यक्ष चिडून वादळ उठवतो, जहाज बुडायला लागतं, भविल पूर्णाला हाक मारतो आणि पूर्ण येऊन वादळ शमवतो. त्या चंदनाचा पुढे सोपाऱ्यात बुद्धासाठी मंडप बांधला जातो. म्हणजे गोष्ट निघते ती कोकणच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून, आणि परत येते तीही तिथेच. किनाऱ्यावरच्या गावाचं मराठी मुलखातलं इतकं जुनं दुसरं चित्र माझ्या पाहण्यात नाही.

वेल्सच्या चित्रकाराने गाव काढताना धक्का, घरांची ओळ, आकाश असं जे दिसतं ते काढलं असतं. अजिंठ्याचा चित्रकार तसं करत नाही. त्याच्याकडे गाव म्हणजे खांबांचा मंडप, सज्जात उभ्या बायका, ताटं घेऊन चाललेली माणसं. सोपारा असो, वाराणसी असो की राक्षसिणींचं बेट असो, मंडप साधारण तोच. गाव ओळखायचं ते त्यात घडणाऱ्या गोष्टीवरून. याला कोणी साचा म्हणेल. मला त्यात वेगळी जाण दिसते. गाव म्हणजे तिथे कोण कोणाशी कसं वागलं, असं तो चित्रकार समजत असावा. तरी रस्ता हवाच असेल तर सतराव्या लेण्यात जा. विश्वंतर राजपुत्र चार घोड्यांच्या रथातून गाव सोडून निघाला आहे आणि बाजाराच्या दुकानांतून माणसं बाहेर डोकावत आहेत. आपला मोंढा सकाळी कोणी मोठा माणूस जाताना असाच दिसतो. त्याच लेण्यात दुसऱ्या भिंतीवर सिंहलाची गोष्ट आहे. होड्यांतून हत्ती उतरताहेत, भाले घेतलेली माणसं बेटावर चढाई करताहेत. हत्ती होडीत कसा मावतो असा प्रश्न चित्रकाराला पडलेला नाही, आणि पाहताना तो आपल्यालाही पडत नाही.

मग या कोरड्या डोंगरात समुद्र आला कसा? तो बैलांच्या पाठीवरून आला. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या पुस्तकात, जे अजिंठ्याच्या या चित्रांच्याही चारेकशे वर्षं आधीचं आहे, भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं सांगितलं आहे. पैठणचे गोमेद खडे आणि तेरचं कापड भडोचला जात होतं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन पाहा, रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा त्या लहानशा गावात मांडून ठेवल्या आहेत. अजिंठ्याचा घाट दख्खन आणि उत्तर यांमधल्या अशाच एका वाटेवर आहे. तांडे पावसाळ्यात अडकले की भिक्षूंच्या आश्रयाला टेकत. त्या भिंतीवर जहाज काढणाऱ्याने समुद्र पाहिला होता की तांडेवाल्यांकडून ऐकला होता, हे ठरवायला आज साधन नाही. पण सुकाणूची खोबण त्याने ज्या नेमकेपणाने काढली आहे, ती नुसत्या ऐकिवावर जमेल असं मला वाटत नाही.

आणि पैसा कोणाचा? इथे परभणीकरांनी कान टवकारावेत. अजिंठ्याची ही उत्तरकालीन लेणी वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेच्या काळातली. सोळाव्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे, तो हरिषेण राजाचा मंत्री. वत्सगुल्म म्हणजे वाशिम. पूर्णेहून अकोल्याच्या गाडीत बसलात की वसमत, हिंगोली सोडल्यावर जे लागतं ते. हिंगोली १९९९पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, तेव्हा ती राजधानी आपल्या जुन्या जिल्ह्याच्या कुंपणापलीकडेच होती. १९३९ साली वाशिमला ताम्रपट सापडला आणि या शाखेचा इतिहास उलगडायला लागला. वा. वि. मिराशींनी त्या लेखांवर आयुष्य घातलं. हरिषेणाची नेमकी वर्षं कोणती यावर मिराशी आणि अमेरिकन संशोधक वॉल्टर स्पिंक यांच्यात मतभेद आहेत. दोघेही त्याला पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवतात, आपल्याला इतकं पुरे.

आता तैलरंगाचा प्रश्न. अजिंठ्याची भिंत चिखल, भाताचा कोंडा, गवताचे तंतू यांच्या गिलाव्याची, वर चुन्याचा पातळ हात. रंग गेरूचे, पिवळ्या मातीचे, हिरव्या दगडाचे, काजळाचे, आणि निळा तेवढा थेट बदख्शानहून आलेल्या लाजवर्दाचा. हे रंग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून कोरड्या भिंतीवर लावलेले. त्यांना चमक नाही. ते खडूसारखे शांत बसतात. तैलरंग म्हणजे रंगाची भुकटी जवसाच्या तेलात घोटलेली. जवस आपल्याकडे चटणीला ओळखीचं. त्याचं तेल हवेत हळूहळू सुकून कातड्यासारखं घट्ट होतं. रंगाला खोली येते, सावली गडद होते आणि वर झळाळी येते. ही झळाळी भिंतीत नव्हती. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम नकला करायला आली, फर्दापूरजवळ तंबू ठोकून राहिली. नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही कलकत्त्याची मंडळी आणि हैदराबादचे सय्यद अहमद तिच्या मदतीला होते. त्यांनी जलरंगांचा मार्ग धरला. तेव्हापासून ग्रिफिथ्सच्या तैलचित्रांना नावं ठेवायची पद्धत पडली. ती चित्रं जड आहेत, युरोपी आहेत, वगैरे.

हा आरोप निम्मा खरा आहे. त्या कॅनव्हासवरची गालांची गोलाई पाहा, साऊथ केन्सिंग्टनचं शिक्षण तिथे बोलतं. पण एक गोष्ट या मुलांनी केली तिच्यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. जिथे गिलावा पडला होता, तिथे त्यांनी पडलेला गिलावाच काढला. राणीचा अर्धा चेहरा गेला असेल तर अर्धाच चेहरा, आणि उरलेल्या जागी मातकट खवला. मनाने भरलं नाही. गोष्ट त्यांना पुरती ठाऊक नव्हती हेही एका परीने बरं झालं. पहिल्या लेण्यातल्या एका दृश्याला तेव्हाचे विद्वान पुलकेशीच्या दरबारातले इराणी वकील म्हणत होते. सिंहलाची चढाई म्हणजे विजय राजपुत्राचं लंकेत उतरणं, असं खुद्द ग्रिफिथ्सने छापलं. दोन्ही अर्थ पुढे मागे पडले. नकलेची रेषा मात्र चुकलेली नाही, कारण ती अर्थाच्या मागे धावलीच नव्हती. आज कोणी संशोधक भिंतीवरच्या एखाद्या डागासमोर अडला, तर १८७०-८०च्या दशकांत तिथे काय होतं ते या जवसाच्या तेलातल्या चित्रांत सापडतं. काही ठिकाणी भिंत गेली आहे आणि नक्कल उरली आहे.

हे काम पूर्ण निर्दोष होतं असंही नाही. काळवंडलेल्या भिंतीला पाणी किंवा व्हार्निश लावलं की रंग क्षणभर उजळतात. गिलने ते केलं, ग्रिफिथ्सच्या लोकांनीही केलं. ते व्हार्निश पुढे पिवळं पडलं, तपकिरी झालं, धूळ धरून बसलं. नीट पाहता यावं म्हणून केलेल्या उपायाने चित्रच झाकलं गेलं. पुढे निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्याचा सहकारी ओर्सिनी यांना बोलावलं. १९२०-२२मध्ये त्यांनी सुटलेला गिलावा पक्का बसवला, हे मोठंच काम. पण चित्रांवर लाखेचा लेप दिला आणि तोही पुढे पिवळाच पडला. तो खर्च हैदराबादच्या खजिन्यातून झाला, तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या कापूसवाल्यांचा दोन पैशांचा वाटा त्यात असणारच, असं मी आपल्या समाधानासाठी धरून चालतो. हैदराबादच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांसह काढलेले चार भाग हे त्या राजवटीचं खरं देणं. ज्यांना अजिंठ्याचा नाद लागेल त्यांनी ग्रिफिथ्सनंतर तेच हाती घ्यावेत.

नकलांचं पुढे काय झालं? त्याही लंडनलाच गेल्या. गिलच्या चित्रांची राख झाल्यावर एकोणीस वर्षांनी, १८८५ साली, साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागली आणि ग्रिफिथ्सच्या संचातले कितीतरी कॅनव्हास जळाले किंवा बिघडले. अजिंठ्याच्या मूळ भिंती मात्र गळती, वटवाघळं, जॉन स्मिथची सही आणि व्हार्निश सोसून जागच्या जागी होत्या. वाचलेले कॅनव्हास आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. बरीच वर्षं ते कोठारातच पडून होते, अलीकडे त्यांची डागडुजी झाली आहे. ग्रिफिथ्सने १८९६-९७मध्ये दोन मोठ्या भागांचा ग्रंथ काढला. त्याच्या शीर्षकात अजिंठा ‘खानदेशात’ आहे. लेणी निजामाच्या औरंगाबादेत आणि छापताना मात्र शेजारच्या इंग्रजी मुलखात. मराठवाड्याला अशा गोष्टींची सवय आहे.

ग्रंथातलं ते जहाज मात्र खूप फिरलं. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ साली भारतीय नौकानयनाचा इतिहास लिहिला, त्यात ते आलं. हिंदू माणूस समुद्र ओलांडत नाही असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारायला ते चित्र फार उपयोगी पडलं. आणखी एक योगायोग सांगतो. नकलांचं काम चालू होतं त्याच काळात, १८८२ साली, पंडित भगवानलाल इंद्रजी नालासोपाऱ्याला बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखलं जाणारं टेकाड खणत होते. आतून स्तूप निघाला. स्तुपात दगडी पेटी, तिच्यात सोन्याची फुलं. म्हणजे एका बाजूला पूर्णाचं गाव जमिनीतून वर येत होतं आणि दुसऱ्या बाजूला त्याच गावाच्या गोष्टीची भिंत कॅनव्हासवर उतरत होती. दोन्ही कामं मुंबईतल्या माणसांचीच, पण या दोन गोष्टी जोडणारं तेव्हा कोणी नव्हतं. चित्रातली गोष्ट पूर्णाची आहे हे पुढे ओळखलं गेलं.

विद्यार्थ्यांकडे परत येतो. पेस्तनजी पुढे नावाजलेले व्यक्तिचित्रकार झाले. पोपटाला दाणे भरवणाऱ्या पारशी स्त्रीचं त्यांचं चित्र आजही पुस्तकांत दिसतं. त्यातल्या हातांची ठेवण मला अजिंठ्याची वाटते. माझ्या या वाटण्याला पुरावा नाही, पण दुसऱ्याची बोटं वर्षानुवर्षं गिरवणाऱ्या हातात काहीतरी राहणारच. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९०मध्ये जे. जे.त आले. ग्रिफिथ्सच्या शेवटच्या वर्षांतले ते विद्यार्थी. ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ या त्यांच्या मराठी आठवणींत तो काळ वाचायला मिळतो. महाराष्ट्रातल्या आधुनिक चित्रकलेची सुरुवात कुठून धरायची यावर आमच्या लोकांत वाद होतात. कोणी प्लास्टरच्या ग्रीक मुखवट्यांपासून धरतं, कोणी रविवर्म्याच्या छापखान्यापासून. मी ती जगन्नाथ अनंत आणि जयराव राघोबा यांच्यापासून धरतो. तैलरंग हाती आल्यावर त्या पोरांनी पहिलं मोठं काम केलं ते याच मुलखातल्या भिंतीसमोर बसून. ग्रिफिथ्सला हवं होतं तसं या अजिंठ्याच्या कामाचं शाळेत फारसं काही झालं नाही. मुलं पुन्हा ग्रीक मुखवटेच गिरवत राहिली. भित्तिचित्रांचा वर्ग जे. जे.त निघायला कॅप्टन सॉलोमन यावा लागला, आणि तोवर ग्रिफिथ्स हयात नव्हता. तो १८९०च्या दशकात निवृत्त होऊन परत गेला आणि १९१८ साली इंग्लंडमध्ये वारला.

ज्यांच्या नावाने ही माला चालते ते सर चित्रकला शिकवत, हे तुम्हाला मी सांगायला नको. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेले त्यांचे विद्यार्थी आज या सभागृहात पुष्कळ आहेत. तेव्हा एक व्यवहाराची सूचना करतो. जिल्ह्यातल्या शाळांची सहल अजिंठ्याला जातेच. पोरं सगळी लेणी तासाभरात उरकतात आणि बसमध्ये भेळ खातात. त्याऐवजी एका वर्षी निवडक मुलांना दुसऱ्या आणि सतराव्या अशा दोनच लेण्यांत न्यावं. भारतीय पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी काढावी, कागद-पेन्सिल न्यावी, आणि जहाजाची नक्कल करायला लावावी. लंडनच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर या नकलांची छायाचित्रं पाहायला मिळतात, ती आधी वर्गात दाखवावीत. मग भिंतीसमोर उभं राहून प्रत्येकाने एकच काम करावं. शिडं, वल्ही, घागरी, मासे यांतलं त्या कॅनव्हासांत आहे पण आज भिंतीवर दिसत नाही असं काय, आणि भिंतीवर आहे पण कॅनव्हासांत सुटलं असं काय, याची यादी करावी. ती यादी मला पाठवावी. मी माझी केलेली आहे, पण आज ती सांगत नाही. सांगितली तर मुलं तीच उतरवून काढतील.